अनुभव धागा: आपल्याच शेडमधली माहिती वापरून एचआरचं काम कसं सुधारायचं? (सोलापूर)

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची धोरणं अक्कलकोट रोड एमआयडीसीत जशीच्या तशी लावली की चार दिवसांत गळून पडतात. कामगार खाडे का करतो, सोडून का जातो, हे तुम्ही स्वतःच्या कारखान्यात कसं शोधता? पद्धत लिहा, कुठे फसतं तेही लिहा. प्रेरणादायी भाषणं नकोत.

मस्टरवाला
सुरुवात खाड्यांपासून करा, त्यांची माहिती मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, आयती असते. एकूण खाडे भागिले (पटावरचे कामगार गुणिले कामाचे दिवस), गुणिले 100. पटावर 80 माणसं आणि 26 दिवस, म्हणजे 2,080 मनुष्यदिवस. खाडे 187 असतील तर 9 टक्के. मंजूर रजा यात मिसळू नका.

पण नुसत्या 9 टक्क्यांवरून काही ठरवता येत नाही. प्रत्येक खाड्यापुढे वार, पाळी, पगारानंतरचा कितवा दिवस आणि कामगार राहतो तो भाग लिहा. शेवटचा रकाना सोलापुरात सोडूच नये. नळाला पाणी इथे काही दिवसांआड येतं, तेही भागवार. त्या भागाची पाण्याची तारीख खाड्यांशेजारी मांडून बघा. सकाळच्या पाळीतल्या बायकांचे खाडे नेमके त्याच दिवशी दिसले, तर तो शिस्तीचा प्रश्न नाही. त्या दिवशी दोन तास उशिरा येऊ द्या, तास त्याच आठवड्यात भरून घ्या. मेमो दिल्याने नळ लवकर सुटत नाही.

तुलना मागच्या महिन्याशी करू नका. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, म्हणून जानेवारी जानेवारीशीच ताडायचा. आषाढीला तेही चालत नाही: 2023 मध्ये ती 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला. तिथे तिथीच्या आधीचे-नंतरचे दिवस धरून मोजा.

तिसरी पाळी
गळतीबद्दल. ‘वर्षाला इतके टक्के सोडून गेले’ हा आकडा मालकाला घाबरवायला ठीक, कामाचा नाही. भरतीच्या महिन्यानुसार तुकडी धरा. जूनमध्ये घेतलेल्यांपैकी 30, 90 आणि 180 दिवसांनी किती उरले? पहिल्या 30 दिवसांतच माणसं गेली तर भरतीच्या वेळी काय सांगितलं ते तपासा. मीटरवर पगार असलेल्या यंत्रमागावर हे हमखास घडतं: नवख्याच्या हातात धागा जास्त तुटतो, माग थांबतो, मीटर कमी भरतात आणि सांगितलेल्या रकमेपेक्षा हातात फार कमी पडतं. शिकाऊ काळापुरती किमान रोजची रक्कम बांधून द्या आणि पुढच्या तुकडीचे 30 दिवसांचे आकडे बघा. 90 दिवसांनंतर गळती वाढत असेल तर जॉबर (शेडमधला मुकादम) आणि पाळीच्या वाटपाकडे वळा.

सोडताना घेतलेली मुलाखत बहुधा वाया जाते. हिशेब अडकलेला असताना कोण खरं बोलेल? सगळ्यांचं उत्तर ‘घरची अडचण’. पैसे चुकते झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी, त्याच्या सुपरवायझरने नव्हे तर दुसऱ्या कोणीतरी फोन करावा. आता कुठे आहात, तिथे वेगळं काय आहे, आणि इथलं काम सोडायचं कोणत्या दिवशी ठरवलं? तिसऱ्या प्रश्नावर माणूस कारण नाही, प्रसंग सांगतो. खरी माहिती तिथे असते.

पूर्व भाग
प्रश्नावलीचा मुद्दा राहिला. आपल्या शेडमध्ये अनेकांच्या घरात तेलुगू, काहींच्या घरात कन्नड. मराठी फॉर्म वाटला की जॉबर बसून सगळ्यांचे भरून देतो, अक्षर एकच! तोंडी विचारा, त्याच भाषेच्या माणसाकडून, आणि माग बंद असताना. चालू शेडमध्ये ओरडून दिलेलं उत्तर शेजारचाही ऐकतो.

‘समाधानी आहात का, 1 ते 5’ असं विचारलं की सगळे ‘बरं आहे’ म्हणतात. मोजता येईल असं विचारा: काल सूत नसल्याने माग किती वेळ थांबला, उचल मागितल्यावर किती दिवसांनी मिळाली. नाव न घेता विभाग, वय, नोकरीची वर्षं, बाई की पुरुष हे सगळं लिहून घेतलं, तर पॅकिंगमधल्या चार बायका लगेच ओळखू येतात. पाचपेक्षा लहान गटाचा निकाल वेगळा दाखवायचा नाही.

विद्यापीठाचे एमबीएचे विद्यार्थी प्रकल्पासाठी येतात, त्यांना हे काम जरूर द्या. मात्र प्रश्न आपण ठरवायचे, नाहीतर तीच छापील समाधान-प्रश्नावली परत येते.

मस्टरवाला
सहमत. आणि निकाल पंधरा दिवसांत फलकावर लावा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

गाळप
बदल आधी एका गटावर करून दुसऱ्या गटाशी ताडून बघणार असाल तर पाळी हा गट धरू नका. पाळ्या फिरत असतील तर दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. मागांची रांग किंवा कामगारांची यादी कायम ठेवा, तीन महिने, आणि त्यात दिवाळीचा बोनस येऊ देऊ नका. बोनस हाती पडेपर्यंत थांबलेली माणसं त्यानंतर जातात, आणि बदल फसला असं वाटतं. तीस-चाळीस माणसांत एक-दोन टक्क्यांचा फरक नुसता योगायोगही असतो.

साखर कारखान्यात वर्षाची गळती काढूच नका. हंगामी कामगारांपैकी मागच्या गाळपाचे किती जण या गाळपाला परतले, तेवढंच मोजा.