'हिमशैवाल' की 'बर्फशैवाल'?

प्रश्न : जपानमधील होक्काइदो बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर सारोमा हे सुमारे १५० चौरस किलोमीटरचे खारे सरोवर आहे. हिवाळ्यात त्यावर गोठणाऱ्या बर्फात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांना 'हिमशैवाल' म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. आकाशातून भुरभुरत पडते ते हिम आणि पाणी गोठून होतो तो बर्फ, हा भेद बोलताना आपण पाळत नाही ('काश्मिरात बर्फ पडला' असेच म्हणतो). पण येथे तो पाळल्यावाचून गत्यंतर नाही, कारण पर्वतांवर साचलेल्या हिमाला उन्हाळ्यात लाली आणणारी शैवाले निराळी असून 'हिमशैवाल' हे नाव त्यांना शोभते. शिवाय सारोमावरील बर्फावर हिमाचा जाड थर साचला की खाली पोहोचणारा प्रकाश घटतो आणि शैवालांची वाढ मंदावते. हे वाक्य दोन वेगळ्या शब्दांवाचून लिहिताच येणार नाही. म्हणून 'बर्फशैवाल'. फारसी आणि संस्कृत शब्दांचा हा समास काहींना खटकेल, मला खटकत नाही.

दुसरा प्रश्न विभक्तीचा आहे. खारे पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकांत सामावत नाही, त्यामुळे अतिखारट पाण्याने भरलेल्या बारीक नलिका बर्फात उरतात. शैवाले राहतात ती या नलिकांत, आणि त्यांची सर्वाधिक दाटी असते ती तळाच्या काही सेंटिमीटरांत, जेथे खालच्या पाण्यातून पोषकद्रव्ये मिळतात. त्यांना 'बर्फातील' म्हणावे. खालच्या पाण्यात तरंगणाऱ्यांना 'बर्फाखालील वनस्पतिप्लवक'. नुसते 'बर्फाखालची शैवाले' लिहिल्यास दोन्हींची सरमिसळ होते.

यांतील बहुतेक जाती डायटम आहेत. त्यासाठी 'करंडक वनस्पती' हा जुना पारिभाषिक शब्द मला फार आवडतो, कारण सिलिकेच्या कवचाचे दोन भाग खरोखरच करंडा आणि त्याचे झाकण यांसारखे एकमेकांत बसतात. 'शेवाळ' मात्र टाळावे. त्याने पावसाळ्यातील निसरडी पायरीच डोळ्यांपुढे येते.

पुरवणी : जपानी नावातील 'को' म्हणजेच सरोवर, तेव्हा 'सारोमाको सरोवर' ही द्विरुक्ती होते. या सरोवराला 'खाजण' म्हणण्यासही माझी हरकत आहे. भूगोलाच्या पुस्तकांत तो शब्द भेटतो, तथापि कोकण-गोव्यात खाजण म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली खारी जमीन. सारोमा वाळूच्या दांड्याने समुद्रापासून वेगळे झालेले, पण दोन मुखांनी ओखोत्स्क समुद्राला जोडलेले आहे. त्याला 'खारकच्छ' अधिक नेमके.