मदत हवी आहे: जीपीआयओ पिनवरचे पल्स माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचेपर्यंत गळतात

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या एका लाइनवर वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर (पाण्याचा प्रवाह मोजणारा) बसवलाय. लिटरमागे साधारण ४५० पल्स (विजेचे ठोके). ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ पिनवर (बाहेरचे सिग्नल घेणाऱ्या पिनवर) येतात, मोजायचं काम माझा सी प्रोग्राम करतो. याच आकड्यावर खताची मात्रा ठरणार आहे, म्हणून काळजी वाटते.

मिनिटाला २० लिटरच्या धारेने २०० लिटरचं पिंप भरून पाहिलं. ९०,००० पल्स यायला हवेत, आले ८२-८३ हजार. तीनदा केलं, तेच.

पद्धत जुनी, सिसएफएसची, म्हणजे लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) पिन फाइलींच्या रूपात दाखवतो ती. ‘एज’ फाइलमध्ये रायझिंग (सिग्नल चढला की कळव) लिहितो, ‘व्हॅल्यू’ फाइलवर पोल लावतो (बदल होईपर्यंत थांबतो), पोल सुटला की फाइल सुरुवातीपासून वाचून एक मिळवतो. दर ५ सेकंदांनी एसडी कार्डावरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये नोंद जाते. ती बंद केली की आकडा ९०,००० च्या अगदी जवळ येतो! एसडी कार्ड अडलेलं असताना कितीही पल्स आले तरी पोल एकदाच सुटतो. पिन बदलली एवढंच कर्नल सांगतो, किती वेळा ते नाही.

कर्नल ४.८ पासूनचं कॅरेक्टर डिव्हाइस (पिन वाचायची नवी पद्धत) प्रत्येक एजची (सिग्नलच्या बदलाची) नोंद रांगेत ठेवतं, पण रांग १६ नोंदींची. सेकंदाला १५० पल्स, म्हणजे ती ०.१ सेकंदात भरली. कार्ड कधी कधी अर्धा सेकंद खातं. मग पल्स कर्नलमध्येच मोजणारा स्वतःचा ड्रायव्हर लिहावा का? कर्नल मॉड्यूल मी कधी लिहिलेलं नाही.

प्रतिसाद: ड्रायव्हर नको. कर्नल ५.१० पासून याच कॅरेक्टर डिव्हाइसच्या व्ही२ (दुसऱ्या) इंटरफेसमध्ये प्रत्येक नोंदीवर त्या लाइनचा अनुक्रमांक असतो. रांग भरली की सर्वांत जुनी नोंद जाते, क्रमांक मात्र पुढे चालू राहतो. तुम्हाला एकूण पल्स हवेत, तर शेवटच्या नोंदीचा क्रमांक हाच तुमचा आकडा. रांगही मोठी मागता येते. फक्त ते वापरायची लायब्ररी लिबजीपीआयओडी २ घ्या, १.६ मध्ये हा क्रमांक मिळत नाही. आणि एसक्यूलाइट वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या भागात) हलवाच.

धागाकर्ता: मनापासून आभार! नोंदी चालू ठेवून पिंप पुन्हा भरलं, ८९,९०० च्या वर गेलं. एकच शंका: प्रोग्राम रीस्टार्ट झाला तर?

प्रतिसाद: क्रमांक पुन्हा १ पासून, मधले पल्स गेले. ते चालणार नसेल तर कर्नलच्या काउंटर विभागात इंटरप्ट (पिनकडून आलेले इशारे) मोजणारा तयार ड्रायव्हर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) पिन लिहून द्यावी लागेल. त्यासाठीचा ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायचा तुकडा) जमला नाही तर इथेच टाका, बघू.