मदत हवी आहे: कॉल लागताच टूजी मॉड्यूलच्या आवाजात घरघर

धागाकर्ता: मी तयार करत असलेल्या इंटरकॉममध्ये टूजी मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कवरून कॉल लावणारा भाग) बसवले आहे. कॉल व्यवस्थित लागतो, परंतु बोलण्यामागे एका लयीत घरघर चालू राहते. मायक्रोफोन बदलला, एटी कमांडने (मॉड्यूलला द्यायच्या मजकुरी आज्ञेने) त्याचा गेनही (आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी केला. उपयोग झाला नाही. पीसीबीची (छापील सर्किट बोर्डाची) पुढची आवृत्ती दोन दिवसांत बनवायला द्यायची आहे, तरी कृपया नेमका उपाय सांगावा.

विद्युत्कण: घरघर आपल्याला ऐकू येते की पलीकडच्या माणसाला, हे आपण लिहिलेले नाही, आणि निदान तर त्यावरच ठरणार आहे. मायक्रोफोन किती अंतरावर आहे आणि कसा जोडला आहे, तेही कळवावे.

जुना सोल्डर: इतक्या चौकशीची गरज नाही. जीएसएममध्ये (टूजी नेटवर्कच्या पद्धतीत) ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फ्रेममधील आठपैकी एका स्लॉटमध्ये (वेळेच्या तुकड्यात), म्हणजे जेमतेम ५७७ मायक्रोसेकंद, मॉड्यूल प्रक्षेपण करते. त्या वेळी प्रवाह २ अँपिअरच्या घरात जातो, व्होल्टेज खचते आणि हे सेकंदाला सुमारे २१७ वेळा घडते. तीच ही घरघर. सप्लायच्या पिनांलगत १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

विद्युत्कण: कारण बरोबर, पण घरघर शिरण्याचा मार्ग एकच नाही. मायक्रोफोनच्या तारा अँटेनासारखे काम करतात आणि इलेक्ट्रेट कॅप्सूलमधील (मायक्रोफोनच्या डबीतील) ट्रान्झिस्टर त्या लहरींतून ऐकू येणारी घरघर वेगळी काढतो. कॅप्सूललगतच ९०० मेगाहर्ट्झसाठी ३३ पिकोफॅरड आणि १८०० साठी १० पिकोफॅरडचे कपॅसिटर हवेत.

डिजिटलप्रेमी: ॲनालॉगच्या फंदात पडावेच कशाला? मॉड्यूलला पीसीएम पोर्ट (डिजिटल आवाजाची जोडणी) असेल तर बाहेरचा कोडेक (आवाजाचे ॲनालॉग-डिजिटल रूपांतर करणारी चिप) जोडावा. माझ्या उपकरणात ८ किलोहर्ट्झच्या फ्रेम सिंकवर (आवाजाच्या नमुन्यांची लय ठरवणाऱ्या संकेतावर) ते निर्धोक चालते.

विद्युत्कण: कोडेकलाही मायक्रोफोन ॲनालॉग तारांनीच जोडावा लागतो.

नवशिका: पॉवर-की (मॉड्यूल सुरू करणारी पिन) किती वेळ लो, म्हणजे शून्य व्होल्टेजजवळ, ठेवता? माझ्याकडे ती वेळ कमी पडल्याने मॉड्यूल सुरूच होत नव्हते.

धागाकर्ता: मॉड्यूल सुरू होण्यात अडचण नाही, कॉल लागतो हे वर लिहिलेच आहे. घरघर फक्त पलीकडे ऐकू येते. तारा सुमारे ३० सेंटिमीटरच्या, सुट्या आहेत. मायक्रोफोनचे ऋण टोक मी थेट पीसीबीच्या ग्राउंडला जोडले आहे. एमआयसीएन पिन (मॉड्यूलवरची मायक्रोफोनच्या ऋण टोकाची) रिकामी आहे, ती वापरणे मला अनावश्यक वाटले होते.

विद्युत्कण: हे आधी सांगितले असते तर बराच वेळ वाचला असता! प्रक्षेपणाचा प्रवाह ज्या ग्राउंडमधून परततो, त्याच्याशीच आपण मायक्रोफोन बांधला आहे. दोन्ही टोके एमआयसीपी (धन) आणि एमआयसीएन (ऋण) या पिनांना जोडावीत, तारांना पीळ द्यावा आणि पीसीबीवरही दोन्ही ट्रॅक शेजारी-शेजारी न्यावेत, म्हणजे दोहोंत सारखाच शिरलेला गोंगाट वजा होईल.

धागाकर्ता: जोडणी बदलली, पीळ दिला. घरघर बरीच ओसरली. उरलेली अँटेना दूर धरल्यावर जाते. ३३ आणि १० पिकोफॅरडची जागा नव्या आवृत्तीत ठेवतो.

जुना सोल्डर: १००० मायक्रोफॅरडचीही ठेवावी.