प्लीज, प्लासिबो आणि कोर्टातली प्ली

इंग्रजीतले 'प्लीज' आणि 'प्लासिबो' (रोग्याच्या समाधानासाठी दिलेलं नावापुरतं औषध) हे शब्द एकाच घरातले का, असा प्रश्न पडतो. होय, एकाच. लॅटिनमध्ये 'प्लाकेरे' म्हणजे आवडणं, खूश करणं. त्याचंच भावंड 'प्लाकारे', म्हणजे शांत करणं. त्यावरून प्लॅकेट (placate), म्हणजे राग शांत करणं, आणि ज्याचा राग काही केल्या निवत नाही तो इम्प्लॅकेबल.

प्लासिबोचा प्रवास मला फार आवडतो. लॅटिन बायबलातल्या 114 व्या स्तोत्रात 'मी परमेश्वराला प्रसन्न करीन' असं वचन आहे, त्याचा पहिला शब्दच हा. मध्ययुगात मृतांसाठीची सायंप्रार्थना त्यानं सुरू व्हायची. पुढे इंग्रजीत 'प्लासिबो गाणं' म्हणजे खुशामत करणं झालं. 1811 च्या एका इंग्रजी वैद्यकीय कोशात अर्थ मिळतो तो असा: गुण येण्यापेक्षा रोग्याचं समाधान व्हावं म्हणून दिलेलं औषध.

आपल्या कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून 'प्ली' (plea), म्हणजे कोर्टापुढे मांडलेलं म्हणणं, जास्तच कानावर पडतंय. तेही याच घरातलं. 'प्लाकितुम' म्हणजे जे पसंत पडलं, म्हणून ठरलं, तो निर्णय. तिथून फ्रेंचमार्गे प्ली आणि प्लीड, म्हणजे बाजू मांडणं.

राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमधली पोरं मात्र हमखास अडकतात ती याच घरातल्या कम्प्लेसंट (complacent) आणि कम्प्लेझंट (complaisant) या जोडीत. पहिला स्वतःवरच खूश, गाफील. दुसरा समोरच्याचं मन राखणारा. स्पेलिंग नीट बघा, उच्चारावर जाऊ नका; ते फार जवळचे आहेत.