शब्दचर्चा: उचल, उचल्या, उचलला

चिकोडीकर: परवा गावच्या ऊसतोड मुकादमाची वही हातात आली. जाड पुठ्ठा, कडेला तेलाचे डाग. एका ओळीत ‘1 कोयता, उचल 80 हजार’ आणि पुढं दोन अंगठे. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे उसाच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. मी अडलो ‘उचल’वर. हा शब्द आणि ‘उचल्या’ एकाच धातूचे काय?

निपाणीकर: एकच की. कामाआधी पैसे उचलले ती उचल, दुसऱ्याचं उचललं तो उचल्या. पण मास्तर, तिसरा विसरलात. हंगाम अर्ध्यात टाकून जोडपं गावी गेलं की लोक म्हणतात ‘उचल बुडवली’. मुकादम फसवणुकीची तक्रार देतो, मग ‘पोलिसांनी उचलला’. गरीब माणूस त्याच एका क्रियापदात मजुराचा आरोपी होतो बघा.

खानापूरची सून: आमच्या सासूबाई उचलीला ‘मुंगड’ म्हणतात, कन्नडात. आगाऊ दिलेलं, एवढंच. त्यात कुणी काही उचलत नाही. मराठी शब्दात मात्र घेणाऱ्याचाच हात दिसतो, देणारा गायब. (कन्नडात गरिबाला बडव म्हणतात. लग्न करून आले तेव्हा मला वाटायचं, ह्याला बडवायचंय का काय!)

वकीलकाका: निपाणीकर, ‘उचल्या’ इतका सरळ सोडवू नका. ते एका जमातीचं नाव आहे. 1871च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कुणी काही उचललेलं असो वा नसो, पोलिसांकडं हजेरी लागायची. 31 ऑगस्ट 1952ला तो रद्द झाला, म्हणून ‘विमुक्त’. हुबळीत अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. आणि कर्नाटकाच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘गंटीचोर’ हे नाव आजही आहे. गंटू म्हणजे गाठोडं. पोराच्या शाळेच्या दाखल्यावरच चोर लिहिलेलं, मग गावात काही हरवलं की पहिली पावलं कुणाच्या दारी वळणार?

उचलीबद्दल एक. आगाऊ पैशाच्या फेडीसाठी माणसाला बळजबरीनं राबवणं हा 1976च्या वेठबिगार कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो राबवणाऱ्याचा. वहीत अंगठा असला म्हणून काही बदलत नाही.

निपाणीकर: काका, मान्य. माझं ते ‘दुसऱ्याचं उचललं तो’ मागं घेतो. पण अंगठा देणाऱ्याला हा कायदा सांगणार कोण?

चिकोडीकर: मी काल मुकादमालाच विचारलं, ‘तुला पैसे कोण देतं?’ म्हणाला, कारखाना. ‘मग ती तुझी उचल?’ तो हसला. ‘नाही हो मास्तर, कारखान्याच्या कागदावर अ‍ॅडव्हान्स लिहितात.’