मदत हवी आहे: जातिवाचक शिवीगाळ आणि पाणी अडवल्याची तक्रार, पोलीस ठाण्यात फक्त एनसी (अदखलपात्र नोंद) घेतात

पायवाट:
महाराष्ट्रातल्या एका गावातली घटना. सार्वजनिक नळावर अनुसूचित जातीतल्या एका बाईंना दोघांनी पाणी भरू दिलं नाही, हंडा लाथाडला, जातीवरून शिव्या दिल्या. पाच-सहा जण बघत होते. एकाने मोबाइलवर चित्रीकरण केलं आहे. दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या घराला किराणा-दूध कोणी देऊ नका’ असा मेसेज फिरला. ठाण्यात म्हणतात, ‘एनसी घेतो, बाकी चौकशी करून बघू.’ हे बरोबर आहे का? फिर्याद बाईंनीच द्यायला हवी का?

जुनी_दौत:
बरोबर नाही. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते आणि अॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक) कायद्याच्या कलम ३ खालचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. इथे निदान चार कलमं दिसतात: ३(१)(आर) अपमान, ३(१)(एस) जातीचं नाव घेऊन शिवीगाळ, ३(१)(झेडए) पाणवठा वापरण्यास अडथळा, ३(१)(झेडसी) सामाजिक-आर्थिक बहिष्कार. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड.

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतं, पण बाई सांगू शकत असतील तर त्यांनीच द्यावी. ऐकीव खबरीला बचाव पक्ष पहिला हात घालतो.

प्रकरण पडतं ते बहुतेक वेळा फिर्यादीच्या मजकुरावर. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहून घेतात. तसं चालवून घेऊ नका. नेमके शब्द, कितीही घाणेरडे असले तरी, जसेच्या तसे लिहायला लावा. बाईंची जात लिहा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत हेही लिहा. आरोपीची जात लिहायची राहिली म्हणून तेवढ्यावर एफआयआर रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे, पण फुकटचा वाद कशाला ठेवा? आरोपी या कुटुंबाला किती वर्षांपासून ओळखतात तेही घाला. ओळख सिद्ध झाली की जात माहीत होती असं कलम ८ खाली न्यायालय गृहीत धरतं. आणि तिथे कोण कोण उभं होतं ती नावं. आर आणि एससाठी घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेला प्रकार त्यात बसत नाही (२०२० चा निकाल आहे). सार्वजनिक नळ आणि साक्षीदार हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

सही करण्याआधी मजकूर वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत देणं हे कलम ४ खाली पोलिसांचं कर्तव्य आहे. प्रत मोफत मिळते.

पायवाट:
ठाणेदार म्हणतात नव्या कायद्यात १४ दिवसांची प्राथमिक चौकशी आहे. आणि व्हिडिओ एका ग्रुपवर आलेला आहे, तो चालेल?

जुनी_दौत:
१४ दिवसांची तरतूद आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये, तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. पाच वर्षांची शिक्षा त्यात बसते म्हणून ती पुढे करतात. पण अॅट्रॉसिटी कायद्यात २०१८ साली कलम १८ए आलं: एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. शिवाय कलम २० प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांवर वरचढ. अर्जात ही दोन्ही कलमं लिहा.

तरीही टाळलं तर लेखी तक्रार एसपींकडे (जिल्हा पोलीस अधीक्षक) रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. त्यानंतर विशेष न्यायालय, सोबत प्रतिज्ञापत्र. पोस्टाची पावती जपा. ती नसली की न्यायालय आधी एसपींकडे जा म्हणतं. तातडीचा धोका असेल तर ११२, आणि अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

चावडीवाला:
व्हिडिओबद्दल. ग्रुपवर आलेली फाइल दाबून लहान झालेली असते, तारीख-वेळेची माहितीही बहुधा गळून जाते. ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाइल हवी. कापू नका, नाव बदलू नका, तो फोन रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ फाइल देणारा भरतो, भाग ‘ब’ तज्ज्ञ, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलचा डिजिटल ठसा) लिहायची असते. मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, वेळ दिसू द्या आणि चॅट फोनमध्ये तशीच ठेवा. लोक रागाने ग्रुप सोडतात, मग जुना मजकूर मिळवायची मारामार.

बहिष्कारासाठी काही जण २०१६ चा राज्याचा सामाजिक बहिष्कार कायदा लावा म्हणतील. तो मुळात जातपंचायतीने आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. इथे झेडसीच जास्त नेमकं.

पायवाट:
समजा हाच प्रकार धर्मावरून किंवा भाषेवरून झाला असता तर?

चावडीवाला:
मग अॅट्रॉसिटी लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे गटागटांत वैर पसरवणं, बघावं लागतं. पाच किंवा अधिक जणांनी समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून गंभीर दुखापत केली तर ११७(४). १९६ मध्ये न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. एफआयआरला लागत नाही, ही गफलत ठाण्यात हमखास होते.

जुनी_दौत:
उलट तक्रारीची तयारी ठेवा. विनयभंग, मारहाण, चोरी, काहीही येऊ शकतं. म्हणून फिर्यादीत न घडलेलं काहीही वाढवू नका. एक खोटं वाक्य उलटतपासणीत सापडलं की खऱ्यावरचा विश्वासही जातो.

तपास अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियम ७ प्रमाणे डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. खालच्या अधिकाऱ्यानेच सगळे जबाब घेतले तर लेखी हरकत आत्ताच नोंदवा. दोषारोपपत्राला ६० दिवस. पीडिताला सरकारकडून मिळणारी आर्थिक मदत एफआयआरपासूनच सुरू होते, आर-एससारख्या कलमांत पहिला हप्ता २५ टक्के. जातीचा दाखला, बँक पासबुक आणि एफआयआरची प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे द्या, आवक क्रमांक घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीला तिथे उत्पन्नाची अट नाही.