दसरा-दिवाळीच्या दिवसांत पोरांबरोबर कागदाच्या घड्या : तुमचे अनुभव लिहा

निळी ओढणी

लेकीच्या बालवाडीच्या ग्रुपवर परवा निरोप आला, 'ऑटम थीमची ओरिगामी करून पाठवा'. सोबत तीन फोटो: मेपलचं लाल पान, एकॉर्न (ओकच्या झाडाचं टोपीवालं फळ) आणि केशरी भोपळा. लेक साडेचार वर्षांची. तिनं विचारलं, "हे पान आपल्याकडं कुठं असतंय?" मी म्हटलं, टीव्हीत.

आणि एकदम आई आठवली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्या. घट बसले की आई हिरव्या घोटीव कागदाचे ताव आणायची आणि आम्हा भावंडांना आपट्याची पानं घडवायला बसवायची. गल्लीतली एवढी पोरं झाडाला भिडली तर झाडावर राहील काय, हा तिचा हिशेब. खरी दोन पानं देवापुढं, वाटायचं सोनं कागदी.

घडी हवी असेल त्यांच्यासाठी: चौकोन टोकावर उभा धरा. दोन्ही कर्ण दुमडून उघडा. वरचं टोक मध्यापर्यंत खाली आणा, खालचं टोक पार वरच्या कडेला न्या. आता खालची डावी-उजवी बाजू मधल्या रेषेला लावून वर घ्या, बदाम दिसायला लागतो. उलटा करून वरची दोन आणि बाजूची दोन टोकं जराजरा दुमडा. बदामाचं खालचं टोकही मागं घातलं की झालं आपट्याचं पान. मधली शीर आपोआप मिळते. लेकीकडं फक्त पहिल्या दोन घड्या आणि नखानं दाबायचं खातं दिलंय.

तुमच्या घरी या दिवसांत कागदाचं काय काय होतं? घाईत लिहिलं तरी चालतंय.

हळदीचं पान

आमच्यात हत्ती! हादग्याचा. पाटावर रांगोळीचा काढला की धाकटा त्यावरनं रांगत जायचा, म्हणून कागदाचा चिकटवायला लागलो. त्रिकोण करायचा, टोक खाली, वरचे दोन कोपरे दुमडून कान, खालचं टोक पुढं-मागं दुमडत सोंड. थोरलीचा हत्ती दिसतो, धाकट्याचा कुत्रा. त्याला सांगायचं नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली, येतो परत.

बिंदूचौकवाला

धागा नाद खुळा. आम्ही फक्त विमानं केली. शरद ऋतू वगैरे नव्हता तवा, सहामाही परीक्षा असायची.

घडीवाल्या बाई

बालवाडीत उभी हयात गेली, म्हणून जरा लांबण लावते. तीन वर्षांच्या पोराला फक्त अर्धी घडी द्या: पुस्तक झालं, रुमाल झाला, त्यावर ते खूश असतं. त्रिकोण चौथ्या-पाचव्या वर्षी. "नीट कर" म्हणू नका, "कोपऱ्याला कोपरा भेटला का?" म्हणा. हात धरून घडी घालून देणाऱ्या आया मला कधी आवडल्या नाहीत, राग मानू नये.

घोटीव कागदाला एकाच बाजूला रंग असतो, त्यामुळं सुलट-उलट मुलांना लगेच कळतं. पण तीच घडी तीनदा उघडली की रंग उडून पांढरी रेघ पडते. सरावाला जुना पेपर बरा, फक्त हात काळे होतात. ओरिगामीचा तयार कागद बहुतेक 15 सेमीचा चौकोन असतो, तो या बोटांना लहान पडतो. ए4 कागदातनं 21 सेमीचा चौकोन निघतो, तो घ्या. उरलेल्या पट्टीच्या आकाशकंदिलाला झिरमिळ्या.

आणि हे काही नवीन खूळ नाही. फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं 1837 मध्ये जर्मनीत बालशाळा काढली, त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या होत्याच.

मास्तर निवृत्त

बाई, फ्रोबेल काढलात म्हणून सांगतो. त्याच घडीकामावरून मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 साली कागद दुमडून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. समभुज त्रिकोण, पंचकोन, सगळं घड्यांतून. पुढं फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितीनं त्याचं नाव घेतलं तेव्हा कुठं बाहेर लोकांना कळलं. आपल्या शाळांत अजून पत्ता नाही. मी नववीला कोनदुभाजक कागदावर शिकवायचो: कोनाची एक बाजू दुसरीवर ठेवा, दाबा, उघडा, झालं. कंपास विसरलेली पोरं त्या दिवशी सगळ्यात पुढं असायची.

निळी ओढणी

सर, तिचं वय साडेचार आहे हो.

मास्तर निवृत्त

चौकोनाचा कर्ण दुमडला तेव्हाच दुभाजक झाला की! तिला नाव सांगू नका म्हणजे झालं.

टेंबलाईचा उतार

केशरी भोपळा कशाला, आपला कोहळा काय मेलाय? ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर येते, तिथं कोहळा फोडतात, सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. आमच्या कार्ट्यानं ते बघितलं आणि घरात सुरू. मग मी कागदी फुगा शिकवला, तो भोकातनं फुंकर मारून फुगवायचा असतो तो. वर हिरवं स्केचपेन फिरवलं, कोहळा तयार. मी घडवायचा, त्यानं पट्टीनं फोडायचा, "अजून एक". माझी दोनशे पानी वही त्यात गेली. सासूबाई म्हणाल्या, एवढे कोहळे देवीनं पण बघितले नसतील.

बिंदूचौकवाला

पट्टी लाकडी का प्लास्टिकची? आमच्या लहानपणी लाकडी होती आणि कोहळा आम्ही.

नागोयावरून

इथं जपानात उलटं आहे बघा. पोरगी बालवाडीतनं खिसे भरून खरे एकॉर्न आणते, डोंगुरी म्हणतात इकडं. मग तेच कागदाचे करतात: दोन रंग, टोपी तपकिरी. मेपल नोव्हेंबरात लाल होतो, तेव्हा खिडक्यांवर कागदी पानं लागतात. तिच्यासाठी ते रोजच्या रस्त्यावरचं आहे, आपट्याचं मी फक्त सांगतो. मागच्या दसऱ्याला हिरव्या कागदाची पानं करून शेजारी वाटली. एका आजींनी घेतलं आणि लगेच बदल्यात कागदी चेस्टनट दिला. दसरा चौकातलं सोनं लुटणं आठवून जरा गलबललं. बाकी ठीक. तांबड्या रश्श्याचा मसाला संपत आलाय.

हळदीचं पान

दादा पत्ता कळवा, भाऊ डिसेंबरात टोकियोला चाललाय, डबा देतो.

मेपल करायलाच लागला तर सोपं सांगतो. चौकोन कर्णावर कापून त्रिकोण घ्या. लांब बाजूकडनं पंख्यासारख्या बारीक घड्या घालत टोकापर्यंत जायचं. झालेली पट्टी मधोमध दुमडायची, लांब बाजूचे दोन्ही अर्धे आत आणून एकमेकांना चिकटवायचे आणि उलगडायचं. शिरा असलेलं पान येतं. कुठल्याही झाडाचं म्हणा, कोण तपासतंय.

पानगळ नसलेली

आपट्यावरनं आठवलं, बाजारात आपटा म्हणून निम्मी कांचनाची पानं विकतात. कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान आणि जाडसर. धागाकर्तीनं केलेलं आकारावरनं कांचनच वाटतंय, हलकेच घ्या.

निळी ओढणी

21 सेमीचा कागद घेतलाय, पान आपट्याएवढं लहान कसं होणार!

शालू आजी

नातू पुण्यात. व्हिडिओ कॉलवर शिकवते. मी उजवा कोपरा म्हटलं की तो डावा दुमडतो, आणि सूनबाई मागनं हसते. आता मी कोपऱ्यांना नावं दिली आहेत, आजोबाचा कोपरा, माऊचा कोपरा. आजोबा गेल्यापासून त्याला तोच कोपरा आधी हवा असतो.

घडीवाल्या बाई

आजी, फार छान युक्ती. कोपऱ्यांवर दोघांनीही एकसारखी रंगीत टिकली लावा, म्हणजे सूनबाईंचं हसणं बंद.

शालू आजी

हसू दे की. हसली तर बरंच आहे.

पानगळ नसलेली

घोटीव कागद सध्या कुठं मिळतोय? आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नुसता चकाकीवाला आहे, दुमडला की तुटतो.

टेंबलाईचा उतार

महाद्वार रोडला बघा. पण नवरात्र संपल्याशिवाय जाऊ नका, आत शिरायला जागा नाही.

बिंदूचौकवाला

गाडी लांब लावा आणि चालत जा. जाताय तर माझ्यासाठी पण दोन ताव आणा, निळे. भाचीला होडी पाहिजे म्हणे, पावसाळा गेला तरी.